पाणीपट्टी तेवढीच, मग घरखर्च का वाढला?

पत्राचा सारांश: "आमच्याकडे सलग दुसऱ्या वर्षी पाऊस कमी झाला. नळाला दिवसाआड तासभर पाणी येते. घरात मी, पती, सासूबाई आणि दोन मुले अशी पाच माणसे आहोत. पाणीपट्टी पूर्वीइतकीच आहे, तरी महिनाअखेरीस हाती काही उरत नाही. टँकरचे पैसे सोडले तर दुष्काळाचा आपल्या खर्चाशी काही संबंध नाही, माझाच हात सैल सुटला आहे, असे पतींचे म्हणणे आहे. मी रोजचा हिशेब लिहिते, पण जास्तीचे पैसे नेमके कुठे गेले हे मला दाखवता येत नाही. आता कर्ज काढून बोअर मारण्याचे घरात घाटते आहे. मोठी मुलगी टँकरच्या रांगेत उभी राहते आणि तिचा अभ्यास मागे पडतो. हा खर्च कुठे वाढला, किती दिवस राहील आणि आम्ही काय करावे?"

सप्रेम नमस्कार, ताई.

पत्रावरून तुम्ही काटकसरीने संसार करणाऱ्या दिसता आणि तरीही घरात तुमच्यावरच ठपका येतो आहे, म्हणून सर्वांत आधी तेच सांगते. पाणीटंचाईचा जो भार घरावर पडतो, त्याचा अगदी लहान हिस्सा पाणीपट्टीत दिसतो. उरलेला किराणा, दूध, वीज, गॅस, औषधे आणि माणसांचा वेळ अशा निरनिराळ्या खात्यांत विखुरलेला असतो. तो एकाच महिन्यात येत नाही, एकेक करून कधी आठवड्यांच्या तर कधी वर्षांच्या अंतराने येतो. त्यामुळे वहीत सगळे लिहूनही तो एका जागी सापडत नाही. तो शोधायचा कसा, हे आधी पाहू.

सुरुवात घरातूनच करावी, कारण तिथला वाढीव खर्च मोजता येतो. एक लिटर साधे पाणी उकळेपर्यंत तापवायला विजेवर सुमारे 0.09 युनिट लागते. पाच माणसांना पिण्यासाठी दिवसाला पंधरा लिटर पाणी धरले आणि नळाचे पाणी गढूळ येते म्हणून ते सगळे तुम्ही उकळू लागला असाल, तर महिन्याला चाळीसेक युनिटे, किंवा तेवढ्या उष्णतेचा गॅस, फक्त ह्या एका कामात जातो. भांड्यातून वाया जाणारी उष्णता वेगळीच. हा खर्च तुमच्या वहीत 'वीज' किंवा 'गॅस' म्हणून नोंदला गेला असणार आणि त्याच्याशी पाण्याचा काही संबंध आहे हे कुणाच्या लक्षातही आले नसणार. खोलवरचे जड पाणी वापरात आले की साबणाला फेस येत नाही, धुण्याची पावडर जास्त लागते, गीझरच्या कॉइलवर क्षार साचतात आणि तेच पाणी तापायला अधिक वीज खर्च होते. जड पाण्यावर उपाय म्हणून आरओ यंत्र घेतले तर घरगुती यंत्रे एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण दोन ते तीन लिटर पाणी बाहेर टाकतात. विकतच्या पाण्यावर ते यंत्र चालवायचे असेल, तर बाहेर पडणारे पाणी फरशी आणि संडास यांसाठी बादलीत साठवलेच पाहिजे.

पाणी विकत घेताना दर नेहमी लिटरमागे काढून पाहावा. नळाचे पाणी सर्वांत स्वस्त, पूर्ण टँकर त्याहून महाग, टँकरवरून पिंपाने घेतलेले त्याहूनही महाग आणि बाटलीबंद किंवा जारचे सर्वांत महाग, हा क्रम जगात जवळपास सगळीकडे सारखाच आढळतो. ज्याच्याकडे साठवायला मोठी टाकी नाही त्याला थोडे थोडे घ्यावे लागते, आणि थोडे थोडे घेणारा एका लिटरला कित्येक पट जास्त पैसे मोजतो. म्हणजे ज्याचे उत्पन्न कमी त्यालाच पाणी महाग पडते, आणि ह्या अन्यायाची म्हणावी तशी चर्चा होत नाही.

आता किराण्याकडे वळू. जगभरात नद्या, तलाव आणि भूगर्भातून माणूस जे गोडे पाणी उपसतो, त्यातील सुमारे 70 टक्के शेतीला जाते. एक किलो गहू पिकायला सरासरी 1,800 लिटर आणि एक किलो तांदळाला सुमारे 2,500 लिटर पाणी लागते. त्यात पावसाचे पाणीही धरलेले आहे. घरात आपण नळाचे जे पाणी वापरतो ते ह्यापुढे फार थोडे आहे, म्हणूनच पाण्याचा तुटवडा आधी ताटात जाणवतो आणि बिलात नंतर. पालेभाज्या आणि कमी दिवसांत येणारी पिके काही आठवड्यांतच महागतात. धान्याचे दर पुढच्या हंगामाचा अंदाज आला की हलतात, आणि त्यासाठी दुष्काळ आपल्याच गावात पडायला हवा असेही नाही. सन 2010 च्या उन्हाळ्यात रशियात मोठा दुष्काळ पडला, त्या सरकारने ऑगस्टमध्ये धान्याची निर्यात थांबवली आणि गव्हाचे भाव हजारो मैल दूरच्या देशांतही चढले.

दुधामांसाची गोष्ट थोडी समजून घेण्यासारखी आहे, कारण तिथे दराची चाल आधी उलटी असते. चारा संपला की जनावरे पोसणे परवडत नाही, म्हणून शेतकरी ती विकून टाकतो. त्या काळात बाजारात जनावरे फार येतात आणि मांसाचे भाव काही दिवस उतरतातही. मात्र कळप एकदा मोडला की पाऊस पडल्यावर तो लगेच भरून येत नाही. कालवड जन्मून, वाढून, विऊन दूध देऊ लागेपर्यंत दोन वर्षांहून अधिक काळ जातो. अमेरिकेत काही वर्षांच्या दुष्काळात पशुपालकांनी गुरे विकली आणि जानेवारी 2024 च्या मोजणीत तिथली गुरांची संख्या 1951 नंतरची सर्वांत कमी भरली. मांसाचे वाढलेले दर नंतरही लवकर खाली आले नाहीत. तुमच्याकडे दूध महागले असेल तर पहिला चांगला पाऊस पडताच ते पूर्वीच्या दराने मिळू लागेल, अशी आशा धरून घराचे अंदाजपत्रक आखू नका.

वीज हे तिसरे खाते. धरणात पाणी नसेल तर जलविद्युत घटते आणि तिची जागा महागड्या इंधनावरची वीज घेते. ब्राझीलमध्ये 2021 साली धरणे इतकी आटली की सप्टेंबरपासून तिथल्या ग्राहकांच्या वीजबिलात पाणीटंचाईच्याच नावाने दर 100 युनिटांमागे 14.20 रेआल (तिथले चलन) असा अधिभार लावण्यात आला आणि तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. आफ्रिकेतल्या झांबिया ह्या देशाची बहुतांश वीज धरणांतून येते. तिथे 2024 च्या दुष्काळात लोकांना दिवसाचे बरेच तास विजेविना काढावे लागले. अशा वेळी फ्रिजमधले अन्न नासते, लहान दुकानदाराला जनरेटर चालवावा लागतो आणि त्याच्या डिझेलचा खर्च शेवटी गिऱ्हाइकाच्याच माथी येतो. वाहतुकीचेही तेच. ऑक्टोबर 2018 मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदी इतकी उतरली की मालवाहू नौकांना अर्ध्याहून कमी माल भरून जावे लागले. पनामा कालव्यातून एरवी दिवसाला 36 च्या आसपास जहाजे जातात, तिथे कालव्याला पाणी पुरवणारा तलाव आटल्याने जानेवारी 2024 मध्ये 24 जहाजेच सोडली जात होती. भाडे वाढते, माल उशिरा पोहोचतो, आणि दुकानातल्या वस्तूवर ह्याचे कारण कुठेही छापलेले नसते.

पाणीपट्टी अजून वाढलेली नाही असे तुम्ही लिहिले आहे. ती पुढे वाढू शकते, आणि लोकांनी पाणी वाचवले म्हणूनही वाढू शकते. जलवाहिन्या, पंप, शुद्धीकरण केंद्र आणि कर्मचारी ह्यांवरचा पाणीपुरवठा संस्थेचा खर्च पाणी कमी विकले म्हणून फारसा घटत नाही. उत्पन्न मात्र घटते. दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाउनमध्ये 2018 च्या फेब्रुवारीपासून माणशी दिवसाला 50 लिटरची मर्यादा होती. नागरिकांनी वापर खरोखरच निम्म्याच्या आसपास आणला, आणि त्याच वर्षी जुलैपासून महापालिकेने बिलात एक स्थिर आकार लावला. ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने तर दीर्घ दुष्काळात समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा प्रकल्प हाती घेतला. तो डिसेंबर 2012 मध्ये पूर्ण झाला तोवर पावसाने धरणे भरली होती आणि प्रकल्पाचे पाणी प्रत्यक्षात 2017 साली शहराला मिळाले. त्याचे हप्ते मात्र तिथले ग्राहक बिलातून भरत राहिले. पाणी वाचवू नये असा ह्याचा अर्थ नव्हे. केपटाउनने बचत केली नसती तर नळ बंद पडले असते. पण टंचाई संपल्यावर बिल खाली येईल असे धरून चालू नये.

तेव्हा 'किती दिवस' ह्या तुमच्या प्रश्नाचे उत्तर खात्यागणिक वेगळे आहे. टँकरचा खर्च नळ सुरळीत होताच थांबेल. भाजी पावसानंतर दोन-तीन महिन्यांत सावरेल. धान्याला एक पूर्ण हंगाम द्यावा लागेल, दुधाला दोन-तीन वर्षे, आणि वीज व पाणी यांचे वाढलेले आकार एकदा लागले की बहुधा राहतात. धान्याची भीतीपोटी मोठी साठवणूक करू नका. घरात नेहमी लागते त्याहून महिना-दोन महिन्यांचे जास्त घेतले तर पुरे. त्याहून अधिक साठवलेल्या धान्याला कीड लागते, पैसा अडकतो आणि सगळ्यांनीच तसे केले तर भाव आणखी चढतात.

आता बोअरविषयी, कारण ह्या एका निर्णयाने तुमचे घर पुढची अनेक वर्षे अडकू शकते. मला विचाराल तर टंचाईच्या ऐन भरात कर्ज काढून बोअर मारू नये. त्या काळात सगळेच खोदतात, त्यामुळे खोदाईचे दर सर्वांत चढे असतात आणि पाणीपातळी सर्वांत खाली. पाणी लागले नाही तरी हप्ता चुकत नाही. लागले तरी ते टिकेल ह्याची हमी कुणी देत नाही, कारण शेजारी अधिक खोल गेला की तुमची पातळी खाली जाते. कॅलिफोर्नियात 2014 च्या सुमारास ईस्ट पोर्टरव्हिल ह्या वस्तीत शेकडो घरांच्या खासगी विहिरी आटल्या आणि स्वतःची विहीर आहे म्हणून निश्चिंत असलेल्या माणसांना टाक्या आणि बाटल्यांच्या पाण्यावर दिवस काढावे लागले. शिवाय खोली दुप्पट झाली की तेवढेच पाणी वर आणायला वीजही दुप्पट लागते. खूप खोलातल्या पाण्यात क्षार, फ्लोराइड किंवा आर्सेनिक असू शकते आणि उकळल्याने ह्यांतले काहीही जात नाही, म्हणून प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय ते पिता येत नाही. तुमच्या आसपासच्या बोअर किती खोल आहेत, कोणत्या महिन्यात बंद पडल्या आणि कोणाचे पाणी पिण्यालायक निघाले, एवढी चौकशी आधी करा. बहुतेक वेळा ही चौकशीच निर्णय देऊन जाते.

त्याऐवजी त्या कर्जाच्या अगदी लहान भागात एक चांगली झाकणाची साठवण टाकी येते आणि तिचा उपयोग लगेच सुरू होतो. आधी गरज मोजा. पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणी-भांडी आणि संडास धरून माणशी दिवसाला 50 लिटरमध्ये नेटाने भागते. पाच जणांना 250 लिटर. नळाला पाणी येईल त्या दिवशी ते किती पिंपे भरते ते मोजा. दिवसाआड 300 लिटर मिळत असेल तर रोजचे 150 झाले, म्हणजे रोज 100 लिटरची आणि महिन्याला 3,000 लिटरची तूट. हा आकडा हाती आला की दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून पूर्ण टँकर घेता येतो आणि पिंपामागे पैसे मोजण्याची वेळ येत नाही. साठवलेले पाणी घट्ट झाकावे आणि भांडी आठवड्यातून एकदा रिकामी करून घासावीत, कारण डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. सेकंदाला एक थेंब गळणारा नळही दिवसाला वीसेक लिटर पाणी घालवतो. तो दुरुस्त करायला लागणारा वायसर हा ह्या सगळ्यातला सर्वांत किफायतशीर खर्च आहे.

पाणी कमी करायचे ते फ्लशचे, गाडी-फरशी धुण्याचे आणि शॉवरचे. पिण्याचे आणि हात धुण्याचे कमी करू नये. सासूबाईंकडे विशेष लक्ष द्या, कारण घरात पाणी कमी आहे हे पाहून वयस्कर माणसे न सांगता पाणी पिणे कमी करतात. त्यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, चक्कर अशी दुखणी उद्भवतात आणि वाचवलेल्या दोन लिटरपेक्षा डॉक्टरांचे बिल फार मोठे होते.

मुलीबद्दल तुम्ही एकच वाक्य लिहिले आहे, पण मला ते पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाटते. जिथे घरात पाणी येत नाही अशा जगातल्या दर दहांपैकी सात घरांत ते आणण्याची जबाबदारी बाई किंवा मुलीवर असते, असे युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या अहवालात म्हटले आहे. हा वेळ कुणी पैशात मोजत नाही, म्हणून तो फुकट आहे असे वाटते. तुमच्या मुलीचा अभ्यासाचा तास ही ह्या दुष्काळात तुमच्या घराने मोजलेली सर्वांत मोठी किंमत आहे आणि ती नंतर भरून काढणे सर्वांत कठीण आहे. रांगेच्या पाळ्या लावा. त्यात तुमच्या पतींची आणि मुलाचीही पाळी असू द्या. मुलगा फार लहान असेल तर त्याची पाळी मोठ्यांनी वाटून घ्यावी. मुलीच्या परीक्षेच्या दिवसांत तिची पाळी लावू नका. वीस लिटरच्या हंड्याचे वजन वीस किलो असते, तेव्हा चाकांची गाडी किंवा लांब नळी घेण्यात कंजुषी करू नका. टँकरची ठरलेली वेळ आधी कळवावी, असा अर्ज सर्व शेजाऱ्यांच्या सह्यांनी पाणीपुरवठा कार्यालयाला देणेही योग्य ठरेल. वेळ नक्की कळली की रांगेतले तास कमी होऊ शकतात.

राहिला घरातला वाद. तुम्ही वहीत वस्तू आणि रक्कम लिहीत असाल. आता प्रत्येक ओळीत 'किती घेतले' आणि 'काय दराने घेतले' हे दोन रकाने वाढवा. नंतर दुष्काळापूर्वीच्या वर्षातला हाच महिना काढा आणि दोन्ही शेजारी ठेवा. महिना तोच घ्यावा, कारण ऋतूप्रमाणे भाव एरवीही बदलतात. आपण पूर्वीइतकेच दूध, तेवढीच भाजी, तेवढेच धान्य आणले आणि रक्कम वाढली, तर ती वाढ दराची आहे, हात सैल सुटल्याची नव्हे. एखाद्या वस्तूचे प्रमाण खरोखरच वाढले असेल तर तीही त्यात प्रामाणिकपणे दिसेल, आणि बहुधा ती धुण्याची पावडर, गॅस किंवा पिण्याचा जार असेल. ज्या ओळींचा पाण्याशी संबंध आहे त्यांच्यापुढे एक खूण करा आणि तेवढ्याच ओळींची बेरीज वेगळी मांडा. त्या बेरजेत पाणीपट्टी कितीशी आहे, हे तुमच्या पतींना स्वतःच पाहू द्या. वही त्यांच्या हातात द्या आणि आकडेमोड त्यांनाच करायला सांगा. दोष कोणाचा हा विषय त्या दिवशी काढू नका. पुढच्या सहा महिन्यांत टँकरसाठी किती बाजूला ठेवायचे, दुधाची रक्कम किती धरायची आणि बोअरचे कर्ज खरोखर काढायचे का, ह्या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच बैठकीत दोघांनी मिळून लिहून काढा.